एका घरांत वेगळ्या चुली

एकत्र कुटुंबांत वेगळी चूल मांडणें आपल्याकडे भांडणाचें लक्षण मानितात. संगणकाच्या दुनियेंत मात्र वेगळ्या चुलीनेंच घर सांवरलें. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

पायथॉन ही संगणकाची भाषा गीडो व्हान रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केली. तींत काम करणारा मनुष्य इतरांनीं तयार करून ठेविलेलें पुष्कळ साहित्य वापरतो. त्यास पॅकेजें म्हणतात. अडचण अशी कीं, तीं सारीं एकाच सामाईक कोठींत पडत आणि एका पॅकेजची साधारणतः एकच आवृत्ति तेथें नांदे. एका कामास जुनी हवी, दुसऱ्यास नवी. नवी आणली कीं जुनें काम बंद! याहून मोठा धोका निराळाच होता. फेडोरासारख्या लिनक्स प्रणालींत नवें सॉफ्टवेअर बसविणारें 'यम' हें साधन स्वतःच पायथॉनमध्यें लिहिलेलें होतें. एखाद्या उत्साही गृहस्थानें कोठींतील माल परस्पर बदलला, तर दुरुस्तीचें हत्यारच मोडून पडे. निवृत्तीनंतर नातवाच्या यंत्रावर असाच एक पराक्रम मींही केला आहे; दोन दिवस त्याच्या तोंडाकडे पाहण्याची सोय उरली नव्हती.

२००७ सालीं इअन बिकिंग यांनीं 'व्हर्च्युअलएन्व्ह' काढलें. युक्ति साधी होती: प्रत्येक कामास निराळा फोल्डर, त्यांत पायथॉनची निराळी प्रत आणि पॅकेजांचें निराळें फडताळ. पुढें कार्ल मेयर यांच्या प्रस्तावावरून सप्टेंबर २०१२ मध्यें निघालेल्या ३.३ या आवृत्तींत 'व्हेन्व्ह' नांवानें ही सोय भाषेच्या अंगचीच झाली. फोल्डरांत एक छोटी खुणेची फाईल असते. ती आढळली कीं पॅकेजें तेथलींच घ्यावयाचीं, सामाईक कोठीकडे पाहावयाचें नाहीं. भाषेचें मूळ साहित्य मात्र जुन्याच ठिकाणाहून येतें; म्हणजे पीठमीठ एकत्र, भाजी तेवढी वेगळी. बिघडलें, तर फोल्डर पुसून पुन्हां मांडावा.

ही चूल म्हणजे तिजोरी नव्हे, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. कपटी पॅकेज तेथें बसूनही आपल्या इतर फायली वाचूं शकतें. तें कोणाचें, हें आणण्यापूर्वींच पाहावयास हवें.

बरींच वर्षें ही शिस्त ऐच्छिक होती. जून २०२३ मध्यें निघालेल्या डेबियनच्या १२ व्या आवृत्तींत मात्र 'पिप'नें सामाईक कोठींत माल ठेवूं गेल्यास सरळ नकार मिळूं लागला. मला ही सक्ती पसंत आहे. तरीही कोणाचा हट्टच असेल, तर त्यानें आज्ञेंत 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस', म्हणजे 'प्रणालीचीं पॅकेजें मोडा', असें स्वहस्तें लिहून द्यावयाचें!