उद्यानाच्या आतले पाडे

जव्हार तालुक्यातल्या साखरशेतासारख्या गावात ‘उद्यान’ हा शब्द रोजच्या बोलण्यात येत नाही. रान असते, माळ असतो, भाताची खाचरे आणि नागली-वरईचे वरकस असते. पोरे अंगणात खेळतात, म्हातारी माणसे झाडाखाली टेकतात. बसण्याफिरण्यासाठी जागा मुद्दाम राखून ठेवावी, तिला कुंपण घालावे, दारात तिकीट फाडावे, ही गरज मोकळी जागा संपली की मगच उभी राहते. दिवाळी सरली की या भागातली कितीतरी कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर आणि बांधकामावर जातात. त्यांची गाठ उद्यानाशी पडते ती तिथे, आणि तीही बाहेरून.

पण याच वारली समाजाचे पाडे दक्षिणेला बोरिवली-गोरेगावच्या डोंगरांतही आहेत, आणि त्यांच्या बाबतीत गोष्ट उलटी झाली. तिथे उद्यान त्यांच्याभोवती वाढत गेले. नवापाडा, तुमणीपाडा, रावणपाडा, चिंचपाडा ही गावे आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मोडतात. उपनगरातला माणूस ज्या उद्यानात सकाळी फिरायला जातो, तेच या माणसांचे राहते गाव आहे. हे कसे घडले, याचा माग काढायचा तर उद्यान या शब्दाच्या बरेच मागे जावे लागते.

कान्हेरी, म्हणजेच कृष्णगिरी. तिथल्या शिलालेखांत हे नाव प्राकृत रूपात आहे. लेण्यांना दान देणारे कल्याण, सोपारा, नाशिक अशा ठिकाणचे होते. एका लेखात मंगलस्थान गावातले शेत दान दिल्याची नोंद आहे, आणि मंगलस्थान म्हणजे बोरिवलीचे आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. डोंगरावर भिक्षू आणि पायथ्याला त्यांना धान्य पुरवणारे शेत. म्हणजे हे डोंगर निर्जन अरण्य कधीच नव्हते. ही नोंद मला महत्त्वाची वाटते ती एवढ्यासाठीच.

पहिले आधुनिक कुंपण पाण्यासाठी पडले. मुंबई शहराची तहान भागवण्यासाठी 1860 मध्ये विहार तलाव झाला आणि 1879 मध्ये तुळशी. तलावात उतरणारे पाणी स्वच्छ राहावे म्हणून भोवतीचे रान राखले गेले. आज आपण ज्याला शहराचे फुफ्फुस म्हणतो ते मुळात शहराचे पाणलोट क्षेत्र म्हणून वाचले. शहराला पाणी पुरले नाही, तेव्हा नजर उत्तरेला वळली. 1892 मध्ये तानसा, पुढे वैतरणेवरची धरणे, आणि अलीकडचे मध्य वैतरणा धरण तर थेट मोखाडा तालुक्यात, कोचाळ्याजवळ, मुंबई महापालिकेनेच बांधलेले. उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या बायांना हा इतिहास वेगळा सांगावा लागत नाही.

दुसरे कुंपण दुधाचे. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर हलवण्यासाठी 1949 मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. योजनेमागचे कर्ते दारा खुरोडी. पुढे 1963 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तीन हजार एकरांहून अधिक जमीन या वसाहतीत गेली, आणि तिच्यात पाडेही आले. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. सगळे पाडे सारखेच जुने नाहीत. काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच, तर काही माणसे कामाच्या शोधात नंतर आली. पण कागदांनी हा फरक कधी नीट पाहिलाच नाही, आणि पुढचा घोळ त्यातूनच झाला.

तिसरे कुंपण उद्यानाचे. स्वातंत्र्यानंतर कृष्णगिरी उपवन म्हणून एक लहान क्षेत्र राखले होते. 1969 मध्ये आजूबाजूची राखीव वने जोडून ते वाढवले गेले. मग बोरिवली राष्ट्रीय उद्यान हे नाव आले आणि 1981 पासून आजचे. क्षेत्र आता सुमारे 104 चौरस किलोमीटर आहे. राष्ट्रीय उद्यान म्हणजे माणसाविना निसर्ग, हा साचा अमेरिकेचा. तिथेही 1872 मध्ये यलोस्टोन घोषित झाल्यावर मूळ रहिवाशांना त्या भूमीतून दूर केले गेले. तो साचा आपण जसाच्या तसा उचलला. उपवन म्हटले की वस्तीलगतचे वन डोळ्यांपुढे येते. तो शब्द टिकला असता तर काही फरक पडला असता का, हा माझा रिकामपणचा प्रश्न.

1995 मध्ये एका पर्यावरण संस्थेने याचिका केली आणि 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. 1 जानेवारी 1995 पूर्वीच्या मतदार यादीत नाव असेल तर पर्यायी घर, त्यासाठी सात हजार रुपये भरायचे. हजारो झोपड्या पडल्या. पुढे बऱ्याच जणांना चांदिवलीच्या संघर्षनगरात घरे मिळाली. जंगल वाचायला हवे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कडेने चढत येणारी बांधकामे खरीच होती. पण त्याच यादीत पाड्यांवरचे आदिवासीही अतिक्रमणदार ठरले. ज्याच्या आजाने तिथे नागली पेरली आणि जो पाच वर्षांपूर्वी झोपडी घालून राहिला, ते दोघे एकाच रकान्यात बसले.

2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आणि तिथे राहणाऱ्या आदिवासींचा हक्क मान्य केला. जव्हार-मोखाड्यात वनपट्ट्याचा दावा, पुरावा, ग्रामसभेचा ठराव हे शब्द आता घरोघरी माहीत आहेत. महानगराच्या हद्दीत मात्र ग्रामसभा भरवायची कुठे, इथूनच प्रश्न सुरू होतो. महापालिकेला मत द्यायचे, पण विजेची तार आणि नळ मागायला गेले की जागा वनखात्याची म्हणून परत यायचे. कितीतरी पाड्यांची वर्षे यातच गेली. ज्या डोंगराच्या पोटात शहरासाठी दोन तलाव बांधले, त्याच डोंगरात नळासाठी अर्ज करत राहायचे.

2019 च्या ऑक्टोबरमध्ये आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडे तोडली गेली, तेव्हा सारे शहर जागे झाले. कारशेडसाठी प्रजापूर पाड्यातली घरे त्याआधीच उठली होती. झाडांसाठी जितकी माणसे रस्त्यावर आली तितकी त्या घरांसाठी आली नव्हती. आंदोलकांना मी दोष देत नाही. शहरी डोळ्याला आरेत झाडे आधी दिसतात, एवढेच.

बिबट्याचे तसेच. पकडून दुसरीकडे नेऊन सोडलेल्या बिबट्यांमुळे हल्ले उलट वाढतात, असे विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे आले. मग 2011 पासून उद्यानाच्या कडेच्या सोसायट्यांना शिकवले जाऊ लागले: कचरा उघड्यावर टाकू नका, अंधारात पोर एकटे सोडू नका, बिबट्या दिसला तर घेरू नका. पाड्यांवर वाघोबाचा मान ठेवणारी माणसे साधारण हेच पाळत आली होती. म्हणून त्यांना बिबट्याची भीती नाही असे समजू नये. भीती आहे म्हणूनच तर देव आहे.

वसुबारसेला सोसायटीच्या अंगणात गाय-वासराची रांगोळी निघते. त्याच दिवशी डोंगरातल्या पाड्यांवर वाघबारस असते, जव्हारकडे असते तशीच. सूर्य, चंद्र आणि वाघ कोरलेल्या शेंदूर माखल्या वाघोबापुढे नारळ फुटतो, गुराढोरांचे आणि पोराबाळांचे रक्षण कर म्हणून मागणे होते. त्याच सकाळी उद्यानाच्या दारात पास दाखवून फिरायला येणारी माणसे आत शिरत असतात, आणि कामाला निघालेल्या पाड्यावरच्या बाया त्याच दारातून बाहेर पडत असतात.