अक्षरओळखीपासून वाचनापर्यंत : बडोद्याचा वारसा

हीरक महोत्सवाच्या या स्मरणिकेत शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा अन्यत्र आला आहे. प्रस्तुत लेखात पहिली-दुसरीच्या वर्गांत रोज सामोऱ्या येणाऱ्या एका प्रश्नाचा, आपल्या या बडोदे नगरीतील पूर्वेतिहास मांडावयाचा आहे. मूल शाळेत दाखल होणे आणि मूल वाचू लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बडोदे संस्थानाने हा भेद शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखला होता.

१८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावाहून सयाजीराव दत्तक म्हणून येथे आले, तेव्हा त्यांचे वय बारा वर्षांचे होते आणि शालेय शिक्षण जवळजवळ झालेलेच नव्हते. अक्षरे उशिरा हाती आलेल्या या राजाने १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभला आणि १९०६ मध्ये तो मुलामुलींसाठी सबंध संस्थानात लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले, हे ध्यानी घेतले म्हणजे या पावलाचे मोल कळते.

परंतु कायद्याने मूल वर्गात बसते. त्याचे वाचन टिकेलच असे नाही. शाळा सुटल्यावर वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरेही पुसट होतात. म्हणून सक्तीच्या शिक्षणापाठोपाठ ग्रंथालये आली. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांस पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि त्यात मुलांसाठी स्वतंत्र दालन झाले. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरते ग्रंथालय म्हणून गावोगाव जाऊ लागल्या. ग्रामग्रंथालयांच्या खर्चाचा एक तृतीयांश वाटा लोकांनी उचलावयाचा, उरलेला प्रांत पंचायतीने व सरकारने, अशी योजना होती. वाचन ही केवळ शिक्षकाची नव्हे, गावाचीही जबाबदारी ठरली.

याच काळाच्या पुढच्या टप्प्यावर भावनगरात गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. इंदूरशी बालपणीचे नाते असलेल्या ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना येऊन मिळाल्या. एक मराठी शिक्षिका आणि एक गुजराती शिक्षक यांच्या सहकार्यातून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ जन्मास आला. गोष्ट ऐकण्याची गोडी आधी, धडा नंतर, हे गिजुभाईंचे सूत्र होते. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक तर पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे ग्रंथालय उभारतो.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण आहे. २०१० पासून शिक्षण हक्क कायदा अमलात आहे आणि बहुतेक सर्व मुले शाळेत दाखलही आहेत. तरीही २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या शंभरांपैकी केवळ सुमारे सत्तावीस मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तिसरीपर्यंत जे मूल वाचू शकत नाही, त्याला पुढे भूगोल, विज्ञान आणि शाब्दिक गणितही परके होते. कारण चौथीपासून पुस्तक ‘वाचायला’ शिकवत नाही, वाचता येते असे गृहीत धरते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने नेमके हेच वय मध्यभागी आणले आहे.

आपल्या शाळेत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपले मूल शिरोरेषेखालचे देवनागरी पान वर्गात पाहते आणि शिरोरेषा नसलेली गुजराती पाटी रस्त्यावर. अनेक घरांत मराठी आता आजी-आजोबांपुरती उरली आहे. अशा मुलाला बाराखडी पाठ होते, काना-मात्रा सांभाळून ते शब्दही उच्चारते. पण ‘उंबरा’ किंवा ‘ओंजळ’ हा शब्द कानांवर कधी पडलाच नसेल, तर उच्चारलेला शब्द त्याच्यापाशी अर्थ घेऊन येत नाही. म्हणून आमच्या शिक्षिका जोडाक्षरांच्या आधी गोष्ट सांगतात आणि मुलांना बोलते करतात.

पालकांनी रोज पंधरा मिनिटे मुलाला मराठीतून मोठ्याने वाचून दाखवावे. माजी विद्यार्थ्यांनी शनिवारी एखादा तास पहिली-दुसरीच्या वर्गात गोष्ट वाचण्यासाठी यावे आणि येताना मुलांचे एक पुस्तक वर्गाच्या पेटीसाठी आणावे. ग्रामग्रंथालयांच्या योजनेत लोकांचा एक तृतीयांश वाटा होता. शाळेच्या अमृतमहोत्सवापर्यंतच्या पंधरा वर्षांत आपल्या मुलांच्या वाचनात तेवढा वाटा आपण सर्वांनी उचलावा, ही विनंती.