चित्रकथीची पोथी आणि मुलांचे पुस्तक

मुलांच्या पुस्तकातील चित्र म्हणजे मजकुराचा केवळ अलंकार होय, ही समजूत आपल्या सुशिक्षित घरांतही दृढ आहे. पुस्तक घेताना चित्रे रंगीत आहेत की नाहीत एवढे आपण पाहतो; ती कथेचे कोणते काम करतात हे क्वचितच पाहतो. वस्तुतः चित्र आणि शब्द यांनी कथेचा भार वाटून घेण्याची विद्या महाराष्ट्रास फार जुनी आहे.

छत्रपती संभाजीनगराहून बिडकीनवरून दक्षिणेस जाणारा रस्ता पैठणास पोहोचतो. बिडकीनचे नाव आज औद्योगिक वसाहतीमुळे, तर पैठणचे पैठणीमुळे सर्वांस परिचित आहे. परंतु याच पैठणवरून एका चित्रप्रकारासही ‘पैठण शैली’ असे नाव पडले, हे थोड्यांस ठाऊक असेल. ही चित्रे चित्रकथी लोकांची. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा निर्देश चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथातही आढळतो.

चित्रकथीची पोथी सुट्या पानांची. दोन चित्रे पाठीस पाठ लावून चिकटविली की एक पान होई. रामायण-महाभारतातील प्रसंगांची ती पाने एकेक करून श्रोत्यांपुढे धरावयाची, आणि वाद्यांच्या साथीने कथा गावयाची. वीर समोरासमोर उभे आहेत, डोळे विस्फारले आहेत, बाण धनुष्यास लागला आहे, इतके चित्र सांगे. वैर कशाचे, कोण काय बोलला, पुढे काय झाले, हे निवेदकाच्या मुखातून येई. एकाने सांगितलेले दुसरा पुन्हा सांगत नसे. आणि पान उलटेपर्यंत श्रोत्यांची उत्कंठा टिकून राही.

आज अशी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात. परंतु निवेदकाचा आवाज नसला म्हणजे सुंदर पानही मुके होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी मात्र पोथी आणि वाणी एकत्र राखली. तेथील परशुराम गंगावणे यांस 2021 साली पद्मश्री देण्यात आली.

युरोपात कोमेनियसने 1658 साली मुलांसाठी सचित्र पुस्तक काढले. त्यात चित्रातील वस्तूंस आकडे घालून त्यांची नावे शेजारी दिली होती. शब्द शिकविण्यास ही युक्ती उत्तम. पण नाव सांगणे निराळे आणि कथा सांगणे निराळे. ‘मांजर कोठेच दिसेना’ असे वाक्य असावे आणि चित्रात खाटेखालून शेपटी डोकवावी, म्हणजे अक्षरशत्रू बालकही वाचणाऱ्या आईच्या एक पाऊल पुढे असते. कथेतील गुपित त्याच्या हाती आलेले असते! मराठीत माधुरी पुरंदरे स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रे काढतात. साहित्य अकादमीने 2014 साली बालसाहित्य पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला. शब्द आणि चित्र एकाच मनातून निघाले म्हणजे कोठे थांबावे हे दोघांनाही कळते.

ज्या घरात पहिलेच मूल शाळेत जात आहे, तेथे चित्र हीच त्याची पहिली लिपी होय. ती उणी ठरवून आपण त्यास अक्षरांकडे लवकर ओढले, तर वाचनाची गोडी लागण्यापूर्वीच धाक बसतो. म्हणून पालकांस आमची एवढीच विनंती आहे, की मुलास पुस्तक वाचून दाखविताना पान उलटण्याची घाई करू नये. चित्रकथी पान धरून थांबत असे, ते उगीच नव्हे.