जोतीराव पट्टा शिकले तेव्हा

जोतीराव फुले म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाटी, पुस्तक आणि शेजारी सावित्रीबाई येतात. पण 1848 मध्ये मुलींची शाळा काढण्याआधी, ऐन तरुणपणी, हे जोतीराव पुण्यात दांडपट्टा फिरवायला आणि निशाण मारायला शिकत होते. 1873 च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी स्वतःच ते लिहून ठेवलंय. इंग्रजांना घालवायचं, हा तेव्हा मनातला हेतू.

शिकवणारे होते लहुजी साळवे, मांग समाजाचे. जन्म 1794 चा, पुरंदरच्या पायथ्याशी. 1817 च्या खडकीच्या लढाईत त्यांचे वडील राघोजी इंग्रजांशी लढताना पडले. पुढं लहुजींनी पुण्यात गंजपेठेत तालीम काढली. लोक त्यांना वस्ताद म्हणत. वासुदेव बळवंत फडकेही त्यांच्याच तालमीतले.

आता पट्टा म्हणजे काय, ते सांगते. लांब, पातळ, लवणारं पातं, आणि कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ. मनगट वळत नाही, सगळा हात खांद्यातून फिरवावा लागतो. जोडीला पायांची चाल. पाय चुकला तर पातं आपल्यालाच लागायचं, म्हणून समोर गुरू लागतोच. 2024 मध्ये सरकारनं याच दांडपट्ट्याला राज्यशस्त्र जाहीर केलं.

मला मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. ज्या काळात मांगाची सावलीही टाळत, त्या काळात माळ्याचं पोर मांग वस्तादापुढं शिष्य म्हणून उभं राहिलं. पुढं इंग्रजांबद्दलचं जोतीरावांचं मत बदललं, पण वस्तादांशी नातं राहिलं. पोरांना शाळेत घाला, असं लहुजी वस्तीत सांगत. सावित्रीबाईंवर शेण फेकलं जाई, तेव्हा तालमीतली पोरं राखणीला असत, असं सांगतात. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे, चौदाएक वर्षांची मांगाची पोर. तिनं मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला.

तालमीत मात्र पोरंच. पट्टा त्यांच्या हाती, पाटी पोरींच्या हाती. आपण जिजाऊंच्या सिंदखेडराजाच्या जिल्ह्यातल्या, तरी गटाच्या बैठकीत मुलींना लाठीकाठी शिकवायचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, “पोरीच्या जातीला हे कशाला?” मग लग्नाचं निघतं, हातपाय मोडला तर, असं निघतं. शिकवणारी बाई मिळेल, काठीला फार पैसे लागत नाहीत. अडतं ते जागेपाशी. गावोगावी तालमीची खोली असते, बहुतेकदा कुलूप लागलेली. येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा, किल्ली कोणाकडं आहे?