घोड्यांच्या वाटेने हंपी

भाच्याच्या नव्या बुलेटचं पहिलं सर्व्हिसिंग झालं आणि त्याच संध्याकाळी तो नकाशा घेऊन आमच्या घरी हजर झाला. नकाशा म्हणजे अर्थात मोबाइल. "मामा, दिवाळीआधी हंपीला जाऊया. तू तुझी जुनी गाडी काढ. रस्ता मात्र तू ठरव, फक्त बघण्यासारखा असू दे."

त्याच्या मित्रांनी रस्ता जवळजवळ ठरवलाच होता. साखळी, केरी, चोर्ला घाट, बेळगाव आणि मग हमरस्त्याने सरळ धारवाड, हुबळी. चोर्ला सुंदर आहे, त्यात वाद नाही. कणकुंबीला मलप्रभेचा उगम, आजूबाजूला सत्तरीचं दाट रान. पण बेळगाव सोडलं की चौपदरी सुरू होते, आणि चौपदरीवर बुलेट काय नि बस काय, सारखंच. दुसरा रस्ता कारवार, अंकोला, यल्लापूरचा. त्याला झाडी आहे, तसेच ट्रकही आहेत. मी म्हटलं, आपण फोंडा, मोले करत अनमोड घाट चढूया आणि लोंढ्याहून हलशीकडे वळूया.

"हलशीला काय आहे?" भाच्याने विचारलं.

हा प्रश्न गोव्यातल्या मुलाने विचारावा ह्याचं मला वाईट वाटलं. पण चूक त्याची नाही. आपण सगळेच घाट म्हणजे गोव्याची कुडाची भिंत समजत आलो. 'घाटावरचा' हा शब्द आपण कोणत्या सुरात उच्चारतो ते आठवून बघा! ही भिंत बांधली पोर्तुगिजांच्या सरहद्दीने. १८८८ साली आगगाडी घाट चढून गेली तरी तपासणी दोन्हीकडे होतीच. कुळ्याला पोर्तुगिजांचं जकातनाकं, वर कॅसलरॉकला इंग्रजांचं. १९५५ मध्ये नाकेबंदी झाली आणि आगगाडीही थांबली. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याच्या तुकड्या अनमोडवरून खाली उतरल्या आणि सरहद्द पुसली गेली. डोक्यातली भिंत काही पडली नाही.

त्याआधी मात्र हा घाट म्हणजे घरातला जिना होता. ज्यांच्या नावाने आपली 'कदंब' बस धावते त्या गोव्याच्या कदंबांचं राज्य खाली नि वर दोन्हीकडे पसरलेलं. खाली चंद्रपूर म्हणजे आजचं चांदर, नंतर गोपकपट्टण. वर हलशी, म्हणजे जुनी पलाशिका. कोंकण नऊशे आणि हलसिगे बारा हजार अशी त्यांच्या मुलखाची नावं. म्हणजे आकडे खरे धरायचे तर राज्याचा मोठा तुकडा घाटावरच होता, आणि आपण मात्र कदंब म्हटलं की समुद्र नि गलबतंच डोळ्यांसमोर आणतो.

तर पहाटे निघालो. मोले सोडल्यावर आधी डावीकडे आत वळून तांबडी सुर्ल केलं. घाटाच्या पायथ्याशी, ओहोळाच्या काठी काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ. कदंबकाळातलं गोव्यात धड उभं राहिलेलं देऊळ ते हेच. भाच्याने फोटो काढले, मी नुसता बसून राहिलो. देऊळ इथे, इतक्या आडरानात का, असं लोक विचारतात. आज आडरान आहे ते! घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांच्या दृष्टीने बघितलं तर ही जागा आडवाटेला मुळीच नाही.

अनमोडची चढण बुलेटला आवडते. वळणं लांब, सावली दाट. मात्र समोरून मालाने लादलेला ट्रक येतो तेव्हा देव आठवतो. रामनगर, लोंढा, मग नंदगड. इथे चहाला थांबलो आणि टपरीवाल्याने मराठीतच विचारलं, "गोव्याचे काय?" खानापूर तालुका हा. संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये इंग्रजांनी फाशी दिलं ते ह्याच नंदगडला. हलशीला भूवराह नरसिंहाचं मोठं देऊळ आहे, आणि तिथून बिडीवरून पुढे गेलं की कित्तूरच्या अलीकडे देगावे. तिथलं कमलनारायणाचं देऊळ कदंब राजा शिवचित्त पेर्माडी ह्याची राणी कमलादेवी हिने बाराव्या शतकात बांधवलं. छतावरची नक्षी बघताना मान दुखून येते. गोव्याच्या राणीचं हे देऊळ बघायला आम्ही गेलो त्या दिवशी गोव्याची दुसरी एकही गाडी नव्हती. हमरस्ता तिथून अगदी जवळ आहे. हंपीला जाणारे शेकडो गोंयकार तिथून भरधाव निघून जात असतील.

धारवाडला मुक्काम. आणि रात्री जेवताना भाच्याने मूळ प्रश्न काढला. कदंब ठीक, पण मामा, तू घोड्यांची वाट कशाला म्हणतोस?

मग घोड्यांचं सांगितलं. दख्खनच्या हवेत चांगला घोडा निपजत नसे. तो अरबस्तान, इराणहून गलबतातून यायचा. विजयनगरचं सैन्य त्यावर उभं. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजयनगरने गोवा घेतला त्यामागे हे बंदरही होतंच. १४७२ मध्ये बहमनींच्या महमूद गावानने तो घेतला, १५१० मध्ये आल्बुकेर्कने. धनी बदलले, घोडे उतरतच राहिले. फेर्नाव नुनीश हा पोर्तुगीज स्वतः घोड्यांचा व्यापारी. १५३५ च्या सुमाराला तो विजयनगरात होता. साळुव नरसिंह राजाबद्दल त्याने लिहून ठेवलंय की राजा मेलेल्या घोड्यांचेही पैसे द्यायचा. समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी दाखवली तरी जिवंत घोड्याएवढी किंमत! व्यापाऱ्याने बुडण्याच्या भीतीने घोडे आणणं थांबवू नये, म्हणून.

"शेपटीचे पैसे?" भाचा घास हातात धरून हसत सुटला.

१५४७ मध्ये तर गोव्याचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रु आणि विजयनगर ह्यांच्यात तहच झाला: गोव्यात उतरलेले घोडे विजयनगरनेच घ्यायचे, आदिलशहाकडे जाऊ द्यायचे नाहीत. अठरा वर्षांनी, १५६५ मध्ये, तालिकोटची लढाई झाली, राजधानी लुटली गेली. गिऱ्हाइकच उरलं नाही, आणि गोव्याच्या जकातीलाही मोठी खोट बसली. जुन्या गोव्याच्या वैभवाचं आपण चर्चच्या उंचीवरून माप काढतो. त्यातला बराच पैसा घाट चढून गेलेल्या घोड्यांचा होता, हे कुणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी हुबळी, गदग. गदगच्या पुढे लक्कुंडीला थोडं थांबलो. मग काळी माती, सूर्यफुलं, सरळसोट रस्ता. कोप्पळ आलं की क्षितिजावर दगडांचे ढीग दिसू लागतात.

हंपीला महानवमी दिब्ब्याच्या दगडी पट्ट्यांवर घोडे कोरलेत, रांगच्या रांग. कुणी सजवलेले, कुणाचा लगाम धरून माणूस चाललेला. भाचा उन्हात वाकून एकेक घोडा मागून बघत होता. म्हटलं, काय शोधतोस?

"शेपट्या मोजतोय मामा," तो म्हणाला. "ह्यांतले किती गोव्यापर्यंत जिवंत पोचले ते बघतो."