इतिवृत्ताची वही

१८५४ साली वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी मदत देण्याचे धोरण आखले, तेव्हा मदतीच्या पाठोपाठ सरकारी तपासनीस शाळेत येणार हे उघडच होते; परंतु तो प्रत्यक्ष न येताही चालकांच्या प्रत्येक बैठकीत एखाद्या वजनदार सभासदासारखा बसू लागेल, ही शंका त्या वेळी फारशी कोणाच्या मनास शिवली नसावी. मुंबई इलाख्यात प्रथम निकालावर अनुदान मिळे. इतकी मुले उत्तीर्ण, तर इतके रुपये, असा तो रोकडा हिशेब होता.

१८८० साली चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि चार वर्षांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा जो शिकवतो त्यानेच कारभार पाहावा, या तत्त्वावर आजीव सभासदांची योजना उभी राहिली. रयत शिक्षण संस्थेमागे तर मूठमूठ धान्य घालणारा शेतकरी उभा होता. तरीही १९४८ साली मुंबई सरकारने तिचे अनुदान रोखले, तेव्हा तो प्रसंग बिकटच ठरला.

पुढे शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून होऊ लागले, १९७७ च्या कायद्याने त्यांच्या सेवाशर्तीही ठरवून दिल्या. शिक्षकाला त्यामुळे संस्थाचालकांच्या लहरीपासून संरक्षण मिळाले, हे मान्य केलेच पाहिजे. पण संचमान्यता, बिंदुनामावली, वैयक्तिक मान्यता हे शब्द ज्याच्या जिभेवर, तोच कार्यवाह म्हणून निवडून येऊ लागला, आणि ज्यांनी वाडा, जमीन किंवा उभे आयुष्य दिले होते, त्यांचे वारस बैठकीत मान डोलावण्यापुरते उरले.

एका जुन्या संस्थेचे दफ्तर चाळताना हा पालट मला डोळ्यांनी दिसला. आरंभीच्या वहीत एका पोरक्या मुलाची फी माफ करावी की नाही यावर दोन पाने खर्ची पडली होती, आणि कोण काय म्हणाले तेही मोडीवळणाच्या अक्षरात टिपले होते. पन्नास-साठ वर्षांनंतरच्या वहीत मात्र प्रत्येक ठराव ‘कार्यालयाच्या पत्रान्वये’ या शब्दांनी सुरू होऊन चार ओळींत आटोपलेला, आणि लागोपाठच्या सात सभांखाली अध्यक्षांच्या सह्या एकाच शाईच्या, बहुधा एकाच बैठकीत केलेल्या.