पीटीचा तास नेमका कशासाठी असतो?

गणिताचा भाग मागे पडला की सर कुठला तास मागून घ्यायचे, आठवतंय का? पीटीचा! वेळापत्रकात या विषयाचं नाव ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’. महाराष्ट्रात दहावीपर्यंत तो शिकवला जातो, पण त्याला फक्त श्रेणी मिळते, बोर्डाच्या टक्केवारीत तो धरत नाहीत. तास उचलला जाण्याचं मुख्य कारण हेच.

हा विषय शिकवायला वेगळं प्रशिक्षण लागतं. पदवीनंतर दोन वर्षांचा बी.पी.एड. अभ्यासक्रम असतो. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील, तर या विषयासाठी अंशकालीन निदेशक हवा. शाळेला मैदान हवं, असंही त्याच कायद्यात आहे. नववी-दहावी मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते.

आता साधा हिशोब करू. तास 35 मिनिटांचा, वर्गात 60 मुलं. रांगा लावून मैदानावर जाणं-येणं आणि हजेरी यात दहा मिनिटं गेली, उरली 25. चेंडू एकच असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला तो 25 सेकंद येतो. तेही सगळ्यांना सारखा मिळाला तर! प्रत्यक्षात चार-पाच तरबेज मुलं खेळतात, बाकीचे कडेला उभे राहतात. आठवी-नववीच्या मुली तर बहुतेक कडेलाच. घराजवळ त्यांना खेळायला जागा नसते, संध्याकाळी बाहेर सोडत नाहीत. म्हणजे आठवड्यातले हे एक-दोन तास गेले, की त्यांचं खेळणंच संपलं.

म्हणून चांगला शिक्षक ‘टीम पाडा आणि खेळा’ एवढ्यावर थांबत नाही. तो सहा-सहांचे गट करतो. लंगडी, खो-खो, दोरीउड्या, रिले अशा कमी साहित्याच्या खेळांत सगळ्यांना गुंतवतो. वर्गातला सर्वांत हळू धावणारा मुलगा किती वेळ हलला, यावरून तास कसा झाला ते कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल करायला हवी. शाळेचा तास एवढं भरून काढू शकत नाही. तिथे हालचालीची गोडी लागली, तर उरलेलं मूल स्वतः करतं.

आणि नावातला ‘आरोग्य’ शब्द? तो सगळ्यात दुर्लक्षित. आहार, मासिक पाळी, व्यसनं, झोप, मनावरचा ताण हे सगळं त्यात येतं. 2020 मध्ये आयुष्मान भारतअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष आणि एक महिला, आरोग्यदूत म्हणून तयार करायचं ठरलं. पाळीबद्दल मुली पुरुष शिक्षकाला विचारत नाहीत, हे कुणीतरी ओळखलं म्हणायचं.

तुमचं मूल सरकारी शाळेत असेल, तर पालकसभेत तीन गोष्टी विचारा: या महिन्यात पीटीचे किती तास प्रत्यक्ष झाले, एका वर्गासाठी चेंडू किती आहेत, आणि मुली खेळतात का.